हंबीररावाच्या भिंतीतलं तांबडं

माफ करणं थोरामोठ्यांना शोभत असेल. मदिनाला ते कधी जमलं नाही, आणि जमावं म्हणून तिनं खटपटही केली नाही. कोल्हापुरात गंगावेशीच्या अलीकडच्या एका बोळात तिचं एका खोलीचं घर. दाराशी टर्पेंटाईनचा वास, उंबऱ्यावर रंगाचे ठिपके आणि आत भिंतीला टेकवून ठेवलेल्या रिक्षांच्या नंबरप्लेटा. बाई नंबरप्लेटा रंगवते म्हणून आधी सगळा बोळ हसला. मग त्याच बोळातल्या रिक्षा तिच्या दारात उभ्या राहू लागल्या. अक्षर चांगलं होतं की तिचं, हसून काय करणार?

हे अक्षर मूळचं तिच्या नवऱ्याचं, दिलदार पेंटरचं. दिलदारला लाल रंगाचं वेड. लाल म्हटलं की तुम्हाआम्हाला एक रंग दिसतो, त्याला त्यात दहा दिसायचे. लग्नाच्या बोर्डाला कुंकवाकडं झुकणारा, जरा गडद. चटणीच्या दुकानाला नारंगीचा थेंब टाकलेला, बघताच तोंडाला पाणी सुटावं असा. विजेच्या खांबावर ‘धोका’ लिहायचं असेल तर काही न मिसळता, डब्यातून निघाला तसा. पोस्टाच्या पेटीचा लाल वेगळा, एसटीचा वेगळा. एकाचा रंग दुसऱ्याला लावणाऱ्या पेंटरशी तो चारचौघांत भांडायचा.

“लांबनं सगळ्यात आदी लालच दिसतोय,” तो मदिनाला सांगायचा, “आणि दिवस मावळला की सगळ्यात आदी त्योच काळा पडतोय. म्हणून जपून वापरायचा. लाल थोडा, पांढरा भरपूर.”

दुकानदारांना हे पटायचं नाही. भिंत आपली आहे, मग रिकामी का ठेवायची, असा त्यांचा हिशेब. पण दिलदार त्यांच्याशी घोळ घालून घालून मोकळी जागा सोडून घ्यायचाच, आणि कोपऱ्यात बोटभर उंचीची लाल सही करायचा: ‘दिलदार’. ती सही म्हणजे त्याचा खरा पगार.

रंग घोटायचं काम मदिनाचं. लग्न होऊन आली तेव्हा तिला लाल आणि गुलाबी यांपलीकडं काही ठाऊक नव्हतं. मुलगी झाली, अर्शी, तेव्हा दिलदारनं बाजारातून जुना लाल पाळणा आणला. मदिनाच्या मनात आलं, पाळणा पांढरा असावा. नवरा कामावर गेल्यावर तिनं पांढरा ऑईलपेंट घेतला आणि पाळणा रंगवून वाळत ठेवला. संध्याकाळी बघते तर पाळणा गुलाबी. दुसऱ्या दिवशी आणखी एक हात मारला, तर जास्तच गुलाबी. ती रडकुंडीला आली आणि दिलदार पोट धरून हसत बसला.

“अगं, ही सुट्ट्या पुडीची लाली हाय. तेलाचा पांढरा तिच्यावर घातलास की ती तेलात विरघळती आणि वर येती. जेवढं झाकशील तेवढी वर येईल. आदी चांदी मारायची. चांदी म्हंजे ॲल्युमिनियमचा रंग. त्येच्याखाली लाल गप बसतोय.”

पाळणा त्यांनी तसाच गुलाबी ठेवला. अर्शी त्यातच वाढली.

आता हंबीररावाकडं येऊ. यायलाच पाहिजे, त्याच्याशिवाय ही गोष्ट घडतीच ना. हंबीररावाचा कांदा-लसूण चटणीचा कारखाना. रस्त्याच्या कडेला उंच भिंत, समोरच एसटीचा थांबा. गारगोटीची, मुरगूडची गाडी तिथं थांबली की खिडकीतल्या माणसाला त्या भिंतीशिवाय बघायला दुसरं काही नसायचं. अशी भिंत मिळणं म्हणजे पेंटरला हत्तीवरून साखर वाटण्यासारखं. त्र्याण्णव साली दिवाळीनंतर ती दिलदारला मिळाली. जोडीला त्याचा दोस्त केरबा पेंटर होता.

परांची बांधायला हंबीररावानं गोदामातला जुना काथ्याचा दोर काढून दिला. दिलदार म्हणाला, मालक, हा कुजलाय. हंबीरराव म्हणाला, तुझं वजन ते किती, चढ गप. दिलदार चढला. अक्षरं पुरी केली, कोपऱ्यात सही केली आणि सही लांबून कशी दिसते ते बघायला एक पाऊल मागं सरकला. दोर तुटला.

इथवर अपघात म्हणता येईल. पुढचं नाही म्हणता येणार. हंबीररावानं जखमी माणसाला टेम्पोत घातलं आणि दवाखान्याच्या फाटकाशी उतरवून दिलं. ‘दारूच्या गुत्त्यापुढं पडलेला मिळाला,’ असं सांगून टेम्पो निघून गेला. दिलदार शुद्धीवर आलाच नाही. परांची सोडली, दोर बंबात जळाला. केरबाकडून कोपऱ्यातली सही झाकून घेतली, आणि केरबानं ती नीट चांदी मारून झाकली. चार दिवसांत हंबीरराव चहाच्या गाड्यावर सांगायला लागला, “दिलदार? माझ्याकडं कुठला? कवाच काम सोडून गेलता. पीत होता की त्यो. दारूनं घात केला बिचाऱ्याचा.”

ज्यानं उभ्या आयुष्यात दारूला हात लावला नाही, त्याच्याबद्दल हे. आणि लोकांनी विश्वास ठेवला, कारण खोटं सांगणारा माणूस चांगल्या कपड्यांत होता आणि मेलेला माणूस रंगानं माखलेला होता. मदिना केरबाच्या दारात गेली. “तुमी खाली हुता. तुमी बगितलंय. सांगा की, केरबाभाऊ.” केरबानं दार हळूच लोटून घेतलं. त्याची पोरं लहान होती आणि हंबीररावाची अजून दोन दुकानं रंगवायची होती. मदिना घरी आली आणि नवऱ्याचे ब्रश टर्पेंटाईनमध्ये भिजत घातले.

पुढची वर्षं तिनं पोट भरण्यात घालवली. नंबरप्लेटा, टपऱ्यांचे बोर्ड, ताबूतांच्या दिवसांत झेंड्यांवरची अक्षरं. तोंड बंद. लोक म्हणाले, बाई सोसून सोसून थंड झाली. थंड कसली! रोज फजरच्या नमाजाला उठली की दुवा मागून झाल्यावर ती हंबीररावाचं नाव घ्यायची, विसरायला नको म्हणून.

तरी कदाचित ते तसंच मनात राहून गेलं असतं. पण अर्शी नववीत असताना एके दिवशी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि आईला पाठमोरी उभी राहून म्हणाली, “अम्मी, एक इचारू? अब्बा खरंच पीत हुते व्हय?”

मदिनाच्या हातातला ब्रश नंबरप्लेटीवर तसाच टेकून राहिला आणि चारच्या आकड्यावर मोठा डाग पडला. लोकांनी बोललेलं तिनं गिळलं होतं. पण ते खोटं आता तिच्या घरात शिरलं होतं. ज्या पोरीला बापानं गुलाबी पाळण्यात झुलवलं, तिच्या डोळ्यात शंका होती. मदिना “न्हाय” म्हणाली. पोरीनं मान हलवली. आईवर माया म्हणून हलवली, पटलं म्हणून नव्हे, हे मदिनाला स्पष्ट दिसलं. आईनं सांगून हे मिटणार नव्हतं. ज्यानं खोटं सांगितलं त्याच्याच तोंडून खरं यायला पाहिजे होतं, आणि ते पोरीच्या कानावर पडायला पाहिजे होतं.

आठवड्याभरात मदिना हंबीररावाच्या पेढीवर जाऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, नजर खाली.

“मालक, भिंत लई खराब झालीया. मी रंगवून देतो की. तुमच्याच सावलीत जगतोय आमी.”

हंबीररावानं तिला नीट निरखलं. मग त्याच्या ध्यानात आलं की ही तर घरबसल्या चालून आलेली पावती. दिलदारची बायकोच आपली भिंत रंगवते म्हटल्यावर कोण म्हणेल दिलदार इथून पडला? त्यानं हो म्हटलं. काम सुरू झालं तेव्हा शेजारच्या व्यापाऱ्याला तिच्यासमोरच म्हणाला, “बघा पावणं, त्यो माझ्या कामावर मेला असता तर ही बाई आली असती का इथं?” मदिना डब्यातला रंग ढवळत होती. ती ढवळत राहिली.

बोळ तिच्यावर तुटून पडला. नवऱ्याला दारुडा म्हणणाऱ्याचा उंबरा चढलीस? लाज? अर्शी तर तिच्याशी बोलेना. मदिनानं कुणाला काही सांगितलं नाही. बाजारात जाऊन तिनं सगळ्यात हलकी, सुट्टी लाल पूड आणली. दिलदार जी कधी कामाला लावायचा नाही, तीच. अळशीच्या तेलात ती घोटायला बसली तेव्हा तिचे हात मनगटापर्यंत तांबडे झाले, आणि कितीतरी वर्षांनी तिला भूक लागली.

परांचीला तिनं नवा नायलॉनचा दोर आणला, स्वतःचा. पुढं बारदान सोडलं. ओल्या रंगावर धूळ बसते, म्हणून सगळेच सोडतात, त्यामुळं कुणी विचारलं नाही. बारदानाच्या आड तिनं भिंतीच्या खालच्या अर्ध्यावर पुरुषभर उंचीची अक्षरं काढली. नवऱ्याच्या वळणाची, दिलदारचा ‘द’ जसा खाली पोट सोडून बसायचा तसाच ‘द’:

‘दिलदार पेंटर या भिंतीवरून पडला. तो प्यायला नव्हता.’

वाळल्यावर त्यांच्यावर चुन्यासारखा पाण्यातला पांढरा जाड मारला. पाण्यात ती पूड विरघळत नाही, तिला तेल लागतं. आणि त्या पाण्याच्या पांढऱ्यावर मारला तेलाचा पांढरा. म्हणजे तेल मुरत मुरत खाली जाणार, आणि लाली भेटली की तिला हाताला धरून वर आणणार. घाई नव्हती. थंडीचे दिवस होते, उन्हाळा यायचा होता.

वरच्या अर्ध्यात तिनं ‘हंबीरराव मसाले’ लिहिलं, नारंगीचा थेंब टाकलेल्या चटणीच्या लालात, फक्कड. हंबीरराव खाली उभा राहून म्हणाला, “आन् खालची जागा मोकळी का सोडलीस?”

“डोळ्याला मोकळी जागा लागती, मालक. तवा लाल उठून दिसतोय.”

“व्हय, व्हय, झॅक दिसतंय,” हंबीरराव म्हणाला. दिलदारच्या तालमीतलं ते एक वाक्य त्याला पहिल्यांदाच पटलं.

चैत्र लागला. ऊन भिंतीवर दुपारभर पडायला लागलं. आधी एक गुलाबी डाग उठला, मग त्याच्या शेजारी दुसरा. कुणी म्हणालं ओल आली, कुणी म्हणालं मिरचीची धूळ बसली. मग मुरगूडच्या गाडीतल्या एका म्हातारीनं खिडकीतून विचारलं, “अगं बाई, ह्या भिंतीवर ‘पडला’ म्हून कोन लिवलंय?” गाडी हलेपर्यंत सगळी गाडी उजव्या अंगाला आली होती.

कारखान्यात मिरच्यांची देठं खुडणाऱ्या बायका होत्या, त्यांची म्होरकी बाळाबाई. तिनं भिंत बघितली आणि कपाळाला हात लावला. “रगत फुटतंय गं भिंतीतनं! दिलदारचं रगत!” बायका टोपल्या टाकून घरी गेल्या. मदिनानं त्यांना थांबवलं नाही आणि समजावलंही नाही. रक्तच होतं ते एका अर्थी, फक्त अळशीच्या तेलात कालवलेलं.

हंबीररावाचे डोळे फिरले. तो मदिनाच्या दारात आला. शिव्या देत आला, पण दारात रिक्षावाल्यांची रांग बघून आवाज खाली आणला. “काय केलंस माझ्या भिंतीला?”

“मी? मी तर पांढरी करून दिलती की, मालक. तुमच्यासमोर.”

“मग हे काय वर आलंय?”

“तुमच्या भिंतीत काय हाय, ते मला काय ठावं?”

त्यानं दुसरा पेंटर आणला आणि तेलाचा पांढरा मारून घेतला. पंधरवड्यात अक्षरं दुप्पट ठळक झाली. आणखी एक हात. आणखी तांबडं. मग भटजी बोलावून शांत केली, लिंबं टांगली, वर पुन्हा पांढरा. अक्षरं आता थांब्यावर उभ्या असलेल्या शाळेच्या पोरांना पाठ झाली होती, ती एका सुरात म्हणायची. चटणीचं नाव कुणी घेईना, कारखान्याला लोक ‘पडला’चा कारखाना म्हणायला लागले. देठं खुडायला बाई मिळेना. हंबीरराव भिंतीकडं पाठ करून बसायचा, पण थांब्यावरच्या माणसांची तोंडं तर समोरच असायची.

शेवटी त्यानं केरबाला बोलावलं. चांदी कशावर मारायची हे केरबाला ठाऊक होतं. सही झाकताना त्यानंच मारली होती. केरबा आला, भिंतीपुढं उभा राहिला, आणि त्यानं दोस्ताचं वळण ओळखलं. त्यानं चांदीचा डबा उघडला नाही. “माझा हात वर जात न्हाय, मालक. एकदा झाकलं, बास,” म्हणाला. तिथून तो सरळ मदिनाच्या दारात गेला आणि तिच्या उंबऱ्यावर बसून बाईमाणसागत रडला. मदिनानं त्याला पाणी दिलं. माफी दिली नाही. पण कोल्हापुरातल्या कुठल्याही पेंटरानं हंबीररावाच्या भिंतीवर चांदी मारायची नाही, एवढं तिनं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. केरबानं ते गल्लीगल्लीत फिरून पोचवलं. पेंटर लोकांनी पाळलं. मालकाचा कुजका दोर सगळ्यांनाच ठाऊक होता.

असं करता करता तीन वर्षं गेली, आणि फ्लेक्स आलं. हंबीररावाला वाटलं, सुटलो. भिंतभर फ्लेक्स लावलं, त्यावर स्वतःचा हसरा फोटो. वैशाखाच्या वाऱ्यानं दोन दिवसांत खालची कड सुटली. वारा आला की फोटो फडफडत वर जायचा आणि खालून तांबडी अक्षरं दिसायची, वारा थांबला की पुन्हा हंबीरराव हसायचा. थांब्यावर बसून लोक करमणूक म्हणून ते बघत. एसटीचा ड्रायव्हरसुद्धा गाडी जरा रेंगाळत ठेवायचा.

आणि मग एके सकाळी हंबीरराव मदिनाकडं आला. शिव्या नव्हत्या. चेहरा उतरलेला.

“काय पायजे तुला? सांग.”

“तुमच्या तोंडनं ऐकायचंय. भिंतीखाली. माणसांच्या म्होरं.”

“बोललो की मिटवशील?”

“आदी बोला तर.”

अर्शी आता बारावी झाली होती. मदिनानं तिला फक्त ‘चल’ म्हटलं. थांब्यावर गारगोटीची गाडी उभी होती, चहाच्या गाड्यावर पाच-पन्नास माणसं, भिंतीशी केरबा. भिंतीवरचं फ्लेक्स उतरवलेलं. अर्शीनं ती अक्षरं हजारदा वाचली होती, पण ती कुणी काढली हे आईनं कधी सांगितलं नव्हतं. आज आईचे हात आणि भिंतीवरचा पोट सुटलेला ‘द’ एकदम बघितला आणि तिला समजलं. तिनं आईचा तळवा उलटा करून पाहिला. नखांच्या कडांना अजून तांबडं होतं, कधीच न गेलेलं.

हंबीरराव पुटपुटला, “दिलदार माझ्याच भिंतीवरनं पडला.”

“मोठ्यानं,” मदिना म्हणाली. “माझी पोरगी तिकडं उभी हाय. तिला ऐकू आलं पायजे.”

“दिलदार पेंटर माझ्या भिंतीवरनं पडला!” हंबीररावाचा आवाज फाटला. “दोर कुजका हुता. माझा हुता. आन् त्यो... त्यो पिला नव्हता. मी खोटं बोललो.”

गाडीतलं कुणी खाली उतरलं नाही. चहावाल्यानं स्टो बंद केला. अर्शी रडली, मोठ्यानं, लहान पोरीसारखी. आठ वर्षांची असताना रडायचं राहून गेलं होतं ते सगळं रडली. मदिनाला वाटलं होतं आपल्यालाही रडू येईल. नाही आलं. छातीतलं एक ओझं उतरलं आणि त्याच्या खाली आणखी एक होतं, तेवढंच जड. हंबीररावानं कपाळाचा घाम पुसला.

“झालं न्हवं? आता मिटव तेवढं. चांदी का काय म्हंत्यात ते मार, बाई. तुझ्या पाया पडतो.”

मदिनाच्या पिशवीत चांदीचा डबा खरोखरच होता. तिनं तो आणला होता, का आणला होता तिलाच ठाऊक. तिनं डबा काढून अर्शीच्या हातात दिला.

“तुझ्या अब्बाची भिंत हाय. तू सांग.”

अर्शीनं डोळे पुसले. डबा हातात तोलला. भिंतीकडं बघितलं, वरपासून खालपर्यंत, बाप जसा सही केल्यावर बघायचा तसं एक पाऊल मागं सरकून. मग हंबीररावाकडं वळून ती अगदी शांत आवाजात म्हणाली,

“ऱ्हाऊ द्या की, मालक. अजून नीट तांबडं कुठं झालंय?”